उशाशी आलेला आवाज

हसणं अगदी खांद्यामागे झालं, म्हणून कोचबाईने वळून बघायच्या आधीच कोपर मागे हाणलं. ते हवेत गेलं. मागे कुणीच नव्हतं. ओली फरशी होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोमच्या फळ्या होत्या. कोपराच्या झोकात तोल गेला, पाय घसरला, आणि शिडीचा दांडा हाताला लागला म्हणून ती तलावात पडता पडता राहिली. सावरून मान डावीकडे पुरती वळवली तेव्हा तिला तो दिसला. तिचा मदतनीस. तलावाच्या पार पलीकडच्या टोकाला, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, पोरींशी काहीतरी बोलत हसत होता. आणि तो दिसला त्याच क्षणी त्याचं हसणं तिच्या खांद्यावरून उठून त्याच्याकडे गेलं. मध्ये तो थांबला नव्हता. एका दमातलं एकच हसणं, त्यातलं अर्धं तिच्या मानेवर झालं होतं, थुंकी उडेल इतकं जवळ. उरलेलं अर्धं लांब, पाण्यावरून येताना जरा पसरट झालेलं. "काय झालं मॅडम?" तो तिकडून ओरडला. "डास," ती म्हणाली. "एवढा मोठा?" तो म्हणाला आणि पाण्यातल्या पोरी तोंडात पाणी असतानाच खिदळल्या. कोचबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस लांब उभा राहून हसला की त्याला निदान हाकलता येतं. मानेवर बसून हसणाऱ्याचं काय करायचं?

डाव्या डोळ्याच्या कडेला चार दिवस काहीतरी काळं लोंबत होतं. आधी तिला वाटलं क्लोरीन गेलं असेल. मग वाटलं पापणीला काही चिकटलंय, ते तिने बोटाने पुसून पुसून पापणी लाल करून घेतली. ते काळं दर दिवशी थोडं आत सरकत होतं, आणि त्याच्यामागे जे जे जाई ते दिसायचं बंद होई, एवढं तिला कळत होतं. पण ते सगळं मग तिच्या अंगावर येऊन उभं राहील हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यात झगझगीत उजेड मारला आणि वेळ न घालवता म्हणाल्या, "पडदा सुटलाय. भिंतीवरचा कागद ओल लागून सुटतो ना, तसा. उद्या ऑपरेशन. आत एक वायू भरू. त्याचा बुडबुडा पडद्याला दाबून धरेल. बुडबुडा जातो वर, म्हणून तुम्ही बघायचं खाली. आठवडाभर पालथं झोपायचं. जेवताना, चालताना, तोंड धुताना, मान खालीच."

"आणि वर बघितलं तर?"

"तर बुडबुडा सरकेल आणि पडद्याला धरायला कुणी राहणार नाही. सोबत कोण आहे तुमच्या?"

"मला कुणी लागत नाही."

"या वेळी लागतं."

तीस वर्षं ती पोरांच्या डोक्यावर ओरडत आली होती, तोंड खाली, तोंड खाली, वर कशाला बघता, छताला काय तुमची आई चिकटलीय? आता ते तिला कुणीतरी सांगत होतं, तेही पांढऱ्या कोटातली, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाई. बाहेर बाकावर मदतनीस बसला होता. त्यानेच गाडीतून आणलं होतं, आणि आणलं याचा उपकार चेहऱ्यावर न दाखवण्याचे कष्ट तो घेत होता. "मॅडम, मी तुमच्या बहिणीला कळवलंय," तो म्हणाला. "ऑफिसात नंबर होता." "तुला कुणी सांगितलं होतं?" "घरचं माणूस नको का कुणी?" तो म्हणाला. घरचं माणूस. जसं काही घर ही एक जागा असते आणि त्यातली माणसं आपोआप तिथली होतात.

धाकटी बहीण हळू बोलायची. लहानपणापासून हळू. थोरलीचा, म्हणजे कोचबाईचा, आवाज आधीपासून मैदानी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा; तिने काहीही म्हटलं तरी ते सगळ्या घराला ऐकू जायचं, त्यामुळे त्यासाठी कुणाला जागचं हलावं लागायचं नाही. धाकटीचं मात्र ऐकायचं तर जवळ जावं लागे. आई वाकायची, बाबा वाकायचे, पाहुणे खुर्ची पुढे सरकवायचे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या थोरलीला फक्त ओठ हलताना दिसायचे आणि त्या ओठांच्या दिशेने कललेली सगळी डोकी. धाकटी हे मुद्दाम करते याबद्दल तिला तेव्हाही शंका नव्हती. आई गेली त्या दिवशीसुद्धा धाकटी मावशीच्या कानाशी काहीतरी म्हणाली, आणि मावशीने मान वर करून थेट थोरलीकडे पाहिलं, मग आणखी दोघींनी पाहिलं. काय म्हणाली? थोरली स्पर्धा सोडून तासाभरापूर्वी पोचली होती, अंगात अजून संघाचं जाकीट होतं. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं काही वेगळंच. त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं, आणि धाकटीनेही ते उचललं नाही. पण ते ओठ तिला नंतर किती तरी वेळा दिसले, बसमध्ये, शॉवरखाली, पोरींची वेळ मोजताना, आणि दर वेळी त्यांत तिने वेगळं वाक्य घालून पाहिलं. एकाहून एक घाणेरडी वाक्यं. सगळी बसली.

आणि आता तीच धाकटी एक छोटी बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा कोचबाई ऑपरेशन होऊन, डाव्या डोळ्यावर पट्टी, खाली मान घालून पलंगाच्या काठावर बसलेली होती, त्यामुळे तिला बहिणीचा चेहरा दिसलाच नाही. सपाट तळव्यांच्या तपकिरी चपला दिसल्या. सुजलेले घोटे दिसले. "आलीस," ती घोट्यांना म्हणाली. "आले," असं तिच्या कानात झालं, अगदी पाळीजवळ. ती दचकून मागे सरली. चपला अजून उंबऱ्यातच होत्या.

पालथं पडलेल्या माणसाला जग किती थोडं लागतं. पलंगाच्या एका टोकाला, काठाबाहेर काढलेली, मधे भोक असलेली गोल उशी, त्यात चेहरा. खाली फरशीचे अडीच चौकोन, त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला. एक पाण्याचा पेला, त्यात वाकडी नळी. पेल्याच्या काचेत कधी कधी खिडकीचा उजेड हलायचा. उजवा डोळा शाबूत होता, पण त्याला बघायला एवढंच होतं. बाकी सगळं घर तिच्या पाठीवर होतं. आणि ते पाठीवरचं घर तासातासाला जवळ येत चाललं. पहिल्या दुपारी भांडी घासली जात होती तेव्हा काथ्याची खरखर तिला स्वतःच्या टाळूवर जाणवली. नळ सुटला की ती अंग चोरून घ्यायची. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, ती तिच्या मणक्यावरून ओढली. लिफ्टचं दार, जिन्यातल्या बाईचा खोकला, खाली स्कूटर चालू करणाऱ्याची शिवी, सगळी माणसं जणू चपला काढून तिच्या खोलीत आली होती आणि पलंगाभोवती गोल करून उभी होती. मुख्य म्हणजे धाकटी. धाकटी जायचीच नाही. तिचा श्वास, तिच्या गुडघ्याचा कट्‌ असा आवाज, आणि तिचं खाणं. सफरचंद. ती कानात बसून सफरचंद खायची.

"तोंड मिटून खा."

"मी स्वयंपाकघरात आहे, ताई."

"मग स्वयंपाकघरात तोंड मिटून खा."

खाणं थांबलं. थोड्या वेळाने चपला दिसल्या, आणि एका बशीत सफरचंदाच्या फोडी पेल्याशेजारी ठेवल्या गेल्या, सालं काढलेल्या, झोपल्या झोपल्या उचलता येतील अशा बारीक. कोचबाईने त्या संध्याकाळपर्यंत तशाच राहू दिल्या. त्या काळ्या पडत गेल्या आणि तिला ते बघत राहावं लागलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. "डोक्याशी उभी राहू नकोस," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "मी दाराबाहेर आहे," आवाज म्हणाला, डोक्याशी. "खोटं बोलतेस." "हवं तर दाराची कडी वाजवून दाखवते." कडी वाजली, ती कोचबाईच्या दातांत वाजली. हा नवा छळ आहे हे तिने ओळखलं. धाकटीने आयुष्यभर सगळ्यांना वाकवलं, आणि आता जिला वाकवता आलं नव्हतं ती वाकलेली आयतीच तिच्या ताब्यात आली होती. इतकी वर्षं धाकटीचं बोलणं दिसायचं आणि ऐकू यायचं नाही. आता नुसतं ऐकू यायचं. यांतलं जास्त वाईट कोणतं, हे ठरवत ती उडालेल्या कोपऱ्याकडे बघत पडून राहायची.

तपासणीला जाताना टॅक्सीत तिने स्वतःच्या मांड्या बघितल्या, दवाखान्यात बूट बघितले. डॉक्टरीणबाईंनी खालून दिवा मारून डोळा पाहिला. "चांगलं बसतंय," म्हणाल्या, "नेटाने धरा अजून." धाकटी मागून हळूच म्हणाली, "डॉक्टर, हिला वाटतं मी सारखी हिच्या कानाशी बोलते." कोचबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "वाटणारच," त्या म्हणाल्या. "आवाज कुठल्या बाजूने आला ते कान बरं सांगतो. किती लांबून आला ह्यात तो कच्चा. ते त्याला डोळा सांगतो. बोलणारा दिसला की आवाज त्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. दिसला नाही, की लांबचं जवळ ओढलं जातं. त्यात तुम्हाला आधीच माणसं अंगावर आलेली आवडत नाहीत असं दिसतंय."

"म्हणजे मी चुकीचं ऐकते?"

"ऐकता बरोबर. ठेवता चुकीच्या जागी."

परतताना टॅक्सीत ती तेच घोळवत राहिली. ठेवता चुकीच्या जागी. जसं काही आवाज म्हणजे डबे आहेत आणि तिने साखर मिठाच्या फळीवर ठेवलीय. तिला त्या बाईचा राग आला, आणि राग आला की तिला बरं वाटायचं, तसं थोडं वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. जेवण झालं होतं. वरची खुर्ची, लिफ्ट, जिना, सगळे दमून गप्प झाले होते. खिडकी उघडी होती, कारण उकडत होतं. कोचबाईचा डोळा मिटत आला होता तेवढ्यात धाकटी कानात बोलायला लागली. या वेळी उजव्या कानात, कुजबुजत, शब्द मोजून सोडल्यासारखी. "नाही बदलणार ती. ती कुणासाठी बदललीय? मी का आले हे मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही." कोचबाईने श्वास धरला. "आईची सगळी घाण मी काढली, आणि आई शेवटपर्यंत हिची मेडलं पुसत बसायची. आता हिची काढतेय. खरं सांगू? हिचा डोळा गेला तर मला वाईट वाटेल का, असं मी सकाळी स्वतःला विचारलं. नाही वाटणार. अजिबात नाही वाटणार."

शेवटी ती म्हणालीच. कोचबाईला क्षणभर भलतंच मोकळं वाटलं. इतकी वर्षं ज्या ओठांत ती वाक्यं घालत होती, त्या ओठांनी आपण होऊन, तिच्या पाळीला टेकून, एक वाक्य दिलं होतं. "मोठ्याने बोल," ती उशीच्या भोकात म्हणाली. "घाबरतेस कशाला, मी उठू शकत नाही." पण कुजबुज थांबली नाही. तिने ऐकलंच नाही असं दाखवून धाकटी पुढे बोलत राहिली, आणि हा उद्दामपणा, ह्या बाईने तोंडावर माझं मरण मागावं आणि मी बोलले तर ढुंकूनही बघू नये, हा कोचबाईला सहन होईना. "छोटी!" ती म्हणाली. कुजबुज चालूच. तिने उजवा हात मागे फेकून धाकटीच्या केसांना धरायला पाहिलं. हाताला चादर लागली. पलीकडे भिंत लागली. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये मांजर बसेल एवढीही जागा नव्हती, आणि त्या नसलेल्या जागेत बसून बहीण बोलत होती. मग कोचबाईने दोन्ही हात गादीवर रोवले आणि डोकं वर काढलं.

खोली गरगरली. पट्टीखालच्या डोळ्यात काहीतरी पाण्यासारखं कललं आणि हळूहळू वर गेलं. खोलीत कुणी नव्हतं. दारात कुणी नव्हतं. आवाज खिडकीकडे होता, म्हणून ती गुडघ्यांवर सरकत खिडकीशी गेली आणि गजांतून खाली पाहिलं. दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या बोळात, चार मजले खाली, जिथे स्कूटरी लावतात तिथे, धाकटी उभी होती. फोन कानाला लावलेला. आणि ती ओरडत होती. मान ताणून, तोंड वासून, एका परक्या स्कूटरच्या सीटवर मोकळ्या हाताची मूठ आपटत ओरडत होती. "नाही ना वाटणार! त्याचीच मला भीती वाटते, तुला कळत कसं नाही!" ती दिसली आणि तिचा आवाज दगड पडावा तसा खाली पडला. कुजबुज कुठे नव्हतीच. जे तिच्या कानात बारीक, मोजून, विषारी येत होतं ते चार मजले चढून येता येता बारीक झालेलं किंचाळणं होतं. धाकटीला ओरडताना कोचबाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती चांगली ओरडत नव्हती. तिला सवय नव्हती. आवाज मधेच फाटत होता, छातीतून यायचा तो घशातून येत होता. शिकवलं पाहिजे, असा एक विचार कोचबाईच्या डोक्यात आला आणि गेला.

तिने लगेच परत पालथं व्हायला हवं होतं. ते तिला ठाऊक होतं. पण डोळ्यासमोर धाकटी होती तोवर तिचं बोलणं खाली होतं, स्कूटरींमध्ये, जिथल्या तिथे. नजर काढली असती तर ते पुन्हा वर येऊन कानात बसलं असतं. म्हणून ती गज धरून बघत राहिली. धाकटीचे केस वरून विरळ दिसत होते, मधोमध टाळू दिसत होती. फोनवर तिचा नवरा असणार. तो बिचारा घरी चल म्हणत असेल. मग धाकटीने फोन खाली केला, तोंड पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं, आणि वर पाहिलं.

जिने चढून ती आली तेव्हा तिला धाप लागली होती. "खाली! आधी खाली हो! वेडी आहेस का तू? डोळा जाईल!"

"जाऊ दे की. तुला कुठे वाईट वाटणार आहे?"

धाकटी जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा कोचबाईने किती तरी वर्षांनी समोरून पाहिला. म्हातारा झाला होता. आईसारखा नव्हता झाला, बाबांसारखाही नाही, आपला आपणच म्हातारा झाला होता. "ते मी तुला नव्हतं म्हटलं," ती म्हणाली.

"मला ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणजे तुला म्हटलं असं होतं का?"

"म्हटलंस ना?"

"म्हटलं. चार मजले उतरून म्हटलं. तुझ्यापासून लांब जाऊन म्हटलं. ह्याहून लांब कुठे जाऊ मी?" तिचा आवाज अजून फाटलेलाच होता. "आडवी हो, ताई. मग हवं तेवढं भांड."

"आई गेली त्या दिवशी मावशीला काय म्हणालीस?"

"काय?"

"माझ्याकडे बघून. मावशीच्या कानात. मग सगळ्या बघायला लागल्या."

धाकटीने खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, दाराची चौकट धरून. "मला नाही आठवत," ती शेवटी म्हणाली. "चहा सांगितला असेल तुझ्यासाठी. तू प्रवासातून आली होतीस ना."

कोचबाई आडवी झाली. उशीच्या भोकात चेहरा घातला. चहा. तिला धाकटीचा राग अधिकच आला. हे म्हणजे कुणीतरी येऊन, तुमचं इतक्या वर्षांचं सामान रिकामंच होतं हो, असं सांगून जावं तसं होतं. आणि ती खोटंही बोलत असेल. ती खरं बोलत असण्यापेक्षा ते बरं.

पडदा पुन्हा सुटला. "दहा मिनिटं उठून बसल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं नाही असंही म्हणणार नाही." दुसरं ऑपरेशन झालं, या वेळी आत वायूऐवजी तेल, आणि पुन्हा पालथं. त्या डोळ्याने पुढे तिला उजेड आणि काळोख एवढंच कळायला लागलं, कुणी समोरून गेलं तर सावली हलते तेवढं. तलावावर तिला टेबलखुर्ची दिली आणि काठावर मदतनीस उभा राहायला लागला. पण ते नंतरचं. त्या दिवसांत अजून आशा धरायची पद्धत होती. दवाखान्यात कोचबाई म्हणाली होती, "आता पगारी बाई ठेवते. तू जा." धाकटी म्हणाली होती, "ठेव की. बाई येईपर्यंत आहे मी." बाई आली नाही, कारण कुणी बोलावली नाही.

आता धाकटीने नवीनच सुरू केलं होतं. प्रत्येक वाक्याआधी ती आपली जागा सांगायची. "मी दारात आहे. औषधाची वेळ झाली." "मी गॅसपाशी आहे. सूपमध्ये मिरं हवं?" "मी संडासाच्या बाहेर आहे, झालं की हाक मार." हे ती इतक्या कोरड्या सुरात सांगायची, की जणू रेल्वेची उद्घोषणा. ती चिडवतेय की काय हे कोचबाईला कळेना. पण मी दारात आहे असं म्हटल्यावर कोचबाई मनातल्या मनात तिला दारात उभी करून पाही, चपला, घोटे, विरळ केस, हात चौकटीवर, आणि आवाज नाइलाजाने, कुरकुरत, थोडा मागे हटे. दारापर्यंत जात नसे. अर्ध्या वाटेत कुठेतरी थांबे. अर्ध्या वाटेतला आवाज तसा सोसण्यासारखा असतो.

तरी ते एक वाक्य हटेना. तिने ते खाली स्कूटरींमध्ये घालवून पाहिलं. धाकटीची मूठ, परकी सीट, वासलेलं तोंड, सगळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. थोडा वेळ ते तिथे राही. मग फरशीच्या अडीच चौकोनांकडे बघता बघता ते परत उजव्या पाळीशी येई, कुजबुजत. अजिबात नाही वाटणार. कोचबाईने दोन दिवस दातओठ खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, "मी खुर्चीत आहे, खिडकीजवळच्या. पेपर वाचून दाखवू?"

"नको. इकडे ये."

"कुठे?"

"मला दिसशील अशी. खाली."

खुर्ची सरकली. चपला आल्या, फरशीवर थांबल्या. "बस," कोचबाई म्हणाली. गुडघा कट्‌ वाजला. कापडाची सळसळ झाली. आता मांडी दिसत होती, मांडीवर ठेवलेले हात दिसत होते, नखाशी चिरलेला अंगठा दिसत होता. "तोंड दिसत नाही." "मग काय करू, ताई? तुझ्या पलंगाखाली शिरू?" "शीर." मग धाकटी काहीतरी पुटपुटली, पेला बाजूला केला, एक हात फरशीवर टेकला, आणि कण्हत कण्हत उताणी झाली. तिचं डोकं उशीच्या भोकाखाली आलं, उलटं. वर हनुवटी, खाली कपाळ. तिने सरकून सरकून ते सुलटं केलं. आता दोघींच्या तोंडांमध्ये हातभर जागा होती. धाकटीने चष्मा काढून पोटावर ठेवला. तिच्या डोळ्यांत खिडकी दिसत होती.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"ते. खाली म्हणालीस ते. मला म्हण."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. सकाळच्या सफरचंदाचा वास तिच्या श्वासाला होता. कोचबाईला वाटलं ही आता रडेल, आणि रडली तर मी हिला हाकलून देईन, आज, आत्ता. पण धाकटी रडली नाही. "तुझा डोळा गेला तर मला वाईट वाटणार नाही," ती म्हणाली. हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात. ओठ हलले आणि शब्द ओठांशीच झाले. ते हातभर अंतरावर होते. त्याच्यापेक्षा जवळ आले नाहीत. कोचबाईने वाट पाहिली, येतात का. आले नाहीत.

"तुझं गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मलाही वाईट नव्हतं वाटलं," ती म्हणाली.

"माहितीय मला."

"कुणी सांगितलं?"

"आली नाहीस की."

खाली कुणीतरी स्कूटर चालू केली. ती लांब होती. वर खुर्ची ओढली गेली, तीही वरच्या मजल्यावरच. धाकटीने मान किंचित हलवली आणि डोळे मिटले. "फरशी गार आहे," ती म्हणाली.

"मग ऊठ."

"उठवत नाही. गुडघा."

"हात देऊ?"

"नको, मान हलेल तुझी." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "राहू दे. पडते जरा."

"माझ्यावर उपकार म्हणून पडू नकोस."

"नाही पडत," धाकटी म्हणाली आणि तशीच पडून राहिली. कोचबाईचा चेहरा उशीच्या भोकात घामेजला होता. नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमत होता. तो खाली धाकटीच्या गालावर पडणार हे तिला दिसत होतं, आणि तो पुसायला तिने हात उचलला नाही.